हॉलच्या भिंतीवर पट्टे मारून नऊ महिने झाले, आता सांगतो

गेल्या दिवाळीच्या आधी हॉलची एक भिंत स्वतः रंगवली, उभे पट्टे, ऑफ व्हाइट आणि राखाडी. आई बघून म्हणाली, "सर्कशीचा तंबू केलायस की काय रे." आता तीच पाहुण्यांना भिंत दाखवते, तर ते असो.

भिंत 11 फूट रुंद, साडेनऊ फूट उंच. 132 इंचात 12 इंचाचे 11 पट्टे बरोबर बसतात. पट्ट्यांचा आकडा विषम ठेवा म्हणजे दोन्ही कडांना एकच रंग येतो, आणि तो फिकाच येऊ द्या. कारण सांगतो. ओळंबा म्हणून दोरीला एक जड नट बांधून सोडला तेव्हा कळलं की कोपराच सरळ नाहीये, वरून खाली येईपर्यंत अर्ध्या इंचाचा फरक. बिल्डरला शिव्या घालून झाल्या पण पट्टे ओळंब्यानेच मारले, त्यामुळे शेवटचा पट्टा खाली साडेअकराच भरतो. पण तो ऑफ व्हाइट आणि शेजारची भिंतपण ऑफ व्हाइट, त्यामुळे आजपर्यंत कुणाच्या लक्षात आलेलं नाही. तिथे राखाडी असता तर रोज टीव्ही बघताना तेच दिसलं असतं.

आता टेपचं. मी 1 इंची मास्किंग टेप घेतला. टेप लावायचा राखाडी पट्ट्याच्या बाहेरून, म्हणजे ऑफ व्हाइटवर, आणि हे माहीत असूनसुद्धा तिसऱ्या पट्ट्याला मी दोन्हीकडे आतून लावला, तो झाला 10 इंचाचा, परत टेप मारून भरावा लागला. तेव्हापासून ज्या पट्ट्यात रंग भरायचा तिथे पेन्सिलीने फुली मारून ठेवायला लागलो.

पहिला पट्टा तर वायाच गेला. टेप काढला तर कडेला कंगव्याच्या दातांसारखे राखाडी फराटे, रंग टेपखाली शिरलेला. मग ओळखीच्या पेंटरने सांगितलं की टेप लावल्यावर आधी त्याच्या कडेवरून खालचाच रंग, म्हणजे माझ्या केसमध्ये ऑफ व्हाइट, ब्रशने एक हात फिरव, वाळू दे, मग राखाडी मार. जो काही रंग आत शिरायचा तो ऑफ व्हाइट शिरतो आणि फट बंद होते. पुढचे चारही पट्टे सुरीने कापल्यासारखे आले राव, नऊ महिन्यांनी आजही कडा तशाच आहेत. टेप पण दुसरा हात ओला असतानाच, तिरका आणि हळू ओढायचा, पूर्ण वाळू दिला तर रंगाची साल निघते. आणि ऑफ व्हाइट मारल्यावर एक दिवस तरी थांबा, लगेच टेप लावू नका.

एका जागी मात्र टेपबरोबर रुपयाएवढी लांबीच, म्हणजे भिंतीची पुट्टी, निघून आली. तिथे जुना ड्रिलचा खड्डा भरला होता आणि प्रायमर मारायचा कंटाळा केला होता, त्यामुळे चूक माझीच.

रंग म्हणाल तर राखाडी इमल्शन 1 लिटर आणलं, पाच पट्ट्यांना दोन हात होऊन निम्म्याहून जास्त उरलं. ते काचेच्या बरणीत घट्ट बंद करून ठेवलंय, वर शेड कोडची चिठ्ठी. हे कामाला आलं, कारण सोफ्यामागच्या पट्ट्यावर डोकं टेकून टेकून तेलाचा डाग पडला. आधी नुसत्या डागावर रंग लावला तर संध्याकाळी ट्यूब लावली की ठिगळ चमकायचं. मग दोन्हीकडे टेप लावून तो एक पट्टाच वरपासून खालपर्यंत परत मारला, तासाभराचं काम, आणि जोड कुठेच दिसत नाही. साध्या भिंतीला अख्खी भिंत परत रंगवावी लागली असती. पट्ट्यांचा हा फायदा मला कुणी सांगितला नव्हता.

तक्रार एकच, हॉल उंच वाटतो खरा पण या भिंतीवर आता काहीच टांगता येत नाही. फोटोफ्रेम लावून बघितली, डोळे दुखायला लागले, काढली.

बाहेरच्या भिंतीवर मात्र हे करू नका, आमच्या बेडरूमच्या तशा भिंतीला पावसाळ्यात ओल येते आणि पोपडे निघतात, तिथे पट्टे टिकणारच नाहीत. पोराला त्याच्या खोलीत आडवे निळे पट्टे हवेत, टेप आणून ठेवलाय, आता पाऊस थांबायची वाट बघतोय.