लांब जावं की घराजवळच राहावं?

नोकरीसाठी लांब जाण्याचा हिशोब लोक पगारावर मांडतात आणि तिथेच फसतात. वाढीव पगारातून घरभाडं, अनामत रक्कम, सामान हलवण्याचा खर्च आणि वर्षाकाठी दोन-तीन घरच्या फेऱ्या वजा करा. उरेल तो खरा फायदा; कधी घसघशीत असतो, कधी नुसताच आकडा.

घराजवळ राहण्याची किंमत मात्र दिसत नाही, कारण तिची पावती मिळत नाही. आपल्या क्षेत्रातल्या कंपन्या आसपास दोनच असतील, तर पगारवाढ मागताना आवाज आपोआप खाली येतो. शिवाय ओळखी त्याच त्या. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ साली मांडलं होतं की नव्या नोकरीची खबर जिवलगांपेक्षा तोंडओळखीच्या माणसांकडून जास्त येते. जिवलगांना जे ठाऊक, ते बहुधा आपल्यालाही ठाऊक असतं. नव्या शहरात अशा ओळखी भराभर वाढतात. जिवाभावाची माणसं मिळायला मात्र वर्षं जातात.

आजारपणात पारडं पूर्ण उलटतं. व्हिडिओ कॉलवर वडिलांचा चेहरा दिसतो, त्यांचं जिना चढताना थांबणं दिसत नाही. मूल लहान असेल तर आजी-आजोबा हाकेच्या अंतरावर असणं कुठल्याही भत्त्यात बसत नाही. (ढवळाढवळही त्याच अंतरावरून होते, हे आलंच.)

माझा कल सांगतो: पंचविशीत, अंगावर जबाबदारी नसताना, लांब जावं. आईवडील सत्तरीला टेकले असतील, तर रात्रीत घर गाठता येईल इतकंच लांब.