पी-पफर म्हणून भलतेच मासे आले आणि ११,०४९ रुपये गेले

राग अजून शमलेला नाही, म्हणून लिहितेय. लाज जास्त वाटते, कारण मी नवखी नाही. नऊ वर्षं माशांच्या टाक्या सांभाळतेय.

मला पी-पफर हवे होते. केरळ-कर्नाटकातल्या नद्यांमधला, जेमतेम अडीच-तीन सेंटीमीटरचा, जन्मभर गोड्या पाण्यात राहणारा मासा. आययूसीएन या निसर्ग संवर्धनाच्या जागतिक संघटनेच्या यादीत तो धोक्यातल्या प्रजातींमध्ये आहे आणि तरी नदीतून पकडून विकला जातो. म्हणून मला टाकीत पैदास केलेलेच घ्यायचे होते. मासे विकणाऱ्या माणसाने नेमकं तेच सांगितलं, "मॅडम, घरचं ब्रीडिंग आहे, दोन नर, चार माद्या देतो." महाग होते, पण घरची पैदास महागच असणार, असं मी धरून चालले. सहा मासे ३५० प्रमाणे २,१००, ऑक्सिजन पॅकिंग आणि पार्सलचे ६००. सगळे २,७०० आगाऊ.

पैसे भरण्याआधी त्याने व्हिडिओ पाठवला होता. टाकीच्या वरच्या कडेला, झाकणाच्या फटीपर्यंत, पांढरा दाणेदार थर चढलेला. तो मला दिसला. व्हिडिओ थांबवून पाहिला. बोअरच्या पाण्याचे क्षार असतील म्हणून सोडून दिला. ते मीठ होतं! माशांच्या पाठीवर ठसठशीत गोल काळे ठिपके, पोटं पांढरीशुभ्र. पी-पफरच्या मोठ्या नराच्या पोटावर मधोमध गडद रेघ असते, डोळ्यांमागे सुरकुत्या असतात. "यातला नर कोणता, पोट दाखवा" एवढं विचारलं असतं तर तिथेच तो अडकला असता. रात्री अंथरुणात पडल्यावर मला तो थरच दिसतो.

आली ती ग्रीन स्पॉटेड पफरची पिल्लं. हा मासा पंधरा सेंटीमीटरपर्यंत वाढतो आणि वाढेल तसं त्याला मचूळ पाणी लागतं. लहानपणी गोड्या पाण्यात तग धरतो, म्हणूनच हा धंदा चालतो. पहिले तीन आठवडे ती गोगलगायी फोडून खात होती. मग पोटं काळवंडली, खाणं सुटलं. मी विकणाऱ्यालाच विचारलं. त्याने ८५० रुपयांचं "पफर स्पेशल" औषध पाठवलं. बाटलीवर नाव नाही, घटक नाहीत. असलं काही पाण्यात ओतू नका. नऊ दिवसांत चार मेले.

ओळखीच्या एका जुन्या मासेवाल्या काकांना फोटो पाठवला, त्यांनी मिनिटात ओळखलं. मी विकणाऱ्याशी भांडले. तो लगेच नरमला, "पूर्ण पैसे परत करतो, क्यूआर पाठवतोय." पैसे घ्यायला पिन लागत नाही हे मला माहीत होतं. पण चौथा मासा नुकताच जाळीने काढला होता, तो फोनवर घाई करत होता, आणि मी पिन टाकला. ७,४९९ गेले.

बँकेत ऐकवलं, "पिन तुम्हीच टाकलाय, व्यवहार तुमचाच." पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न, "मासे? खायचे?" मग म्हणे माणूस दुसऱ्या राज्यातला, आमची हद्द नाही, ऑनलाइन टाका. ऑनलाइन टाकलं तर ठाण्यात जा असा मेसेज. तीन फेऱ्या मारल्या, दोन अर्ध्या रजा गेल्या. एका साहेबांनी तर मला सांगितलं, अकरा हजारांसाठी एवढी धावपळ कशाला? माझ्याकडे नंबर, व्हिडिओ, व्यवहाराची पावती, सगळं आहे. कुणीही ते उघडून बघितलं नाही. तो माणूस मात्र नव्या नावाने तोच व्हिडिओ फिरवतोय. पैसे गेल्याबरोबर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, मी दुसऱ्या दिवशी दुपारी केला. चॅट पुसू नका. "गोड्या पाण्यातला पफर" एवढ्यावर मासा घेऊ नका, शास्त्रीय नाव लिहून मागा. पी-पफरचं कॅरिनोटेट्राओडॉन ट्रॅव्हनकोरिकस. लिहून देत नसेल तर सोडा.

दोन वाचले आहेत. समुद्री टाक्यांसाठी मिळणारं मीठ आणून हायड्रोमीटरवर (पाण्याचा खारटपणा त्याच्या घनतेवरून मोजायचं साधन) आठवड्याला ०.००२ एवढंच वाढवतेय. पोटं पुन्हा पांढरी झालीत, काल दोघांनी गोगलगाय फोडली. माझी टाकी चाळीस लिटरची, त्यात ते मोठे होऊ शकत नाहीत. कुणाकडे मचूळ पाण्याची मोठी, चालू टाकी असेल तर सांगा. पैसे नकोत. आधी टाकीचा फोटो आणि हायड्रोमीटरचं रीडिंग पाठवा.