७०० रुपयांचा ब्लूटूथ ओबीडी स्कॅनर : सारखी लागणाऱ्या चेक इंजिन लाइटवर माझा अनुभव

गाडी २०१४ ची, पेट्रोल, ३ सिलिंडर, १ लाख १० हजार किमी झालेत. मी पुण्यात, आईबाबा साताऱ्याला, त्यामुळे महिन्यातून दोन फेऱ्या ठरलेल्या. खंबाटकी घाट चढताना ती पिवळी लाइट लागायची, सोमवारी गॅरेजला नेली की ते स्कॅनर लावून लाइट घालवायचे, ५०० घ्यायचे, मग शहरात दहा-बारा दिवस गाडी एकदम ओके आणि परत घाट आला की परत लाइट. तिसऱ्या वेळी म्हणाले ऑक्सिजन सेन्सर गेलाय. बदलला, ४८०० गेले, पुढच्याच फेरीला लाइट हजर. गाडीचा कॉम्प्युटर बिघाडाचा कोड नक्की कुठला देतोय हे एकदाही मला सांगितलं नाही, याचा मला अजून राग आहे.

म्हणून हा ईएलएम ३२७ चिपवाला ओबीडी स्कॅनर (गाडीतले बिघाडाचे कोड मोबाइलवर दाखवणारा) ऑनलाइन मागवला. काडेपेटीएवढा आहे. स्टिअरिंगखाली १६ पिनांचं सॉकेट असतं त्यात बसवायचा, चावी ऑन करायची, मोबाइलला पेअर करायचा, पिन १२३४, आणि कुठलंही ओबीडी ॲप घ्यायचं. पहिल्यांदा दोनदा कनेक्ट झाला नाही, तिसऱ्यांदा झाला.

पुढच्या फेरीला आई शेजारी होती. घाटात गाडी मिसिंग मारायला लागली आणि या वेळी लाइट नुसती लागली नाही, ब्लिंक व्हायला लागली. हे सगळ्यांनी लक्षात ठेवा, स्थिर लाइट असेल तर जपून घरी जाता येतं पण ब्लिंक म्हणजे न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या लाइनमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे जळतंय, तो भाग तापून खराब झाला तर खर्च कित्येक हजारांत जातो. ॲक्सिलरेटर सोडला, हळूहळू वर आलो, जागा बघून गाडी बाजूला घेतली आणि स्कॅनर लावला. पी ०३०३. म्हणजे ३ नंबरचा सिलिंडर मिसफायर, त्यात पेट्रोल नीट पेटत नाहीये.

माझ्या मते या वस्तूचे खरे पैसे वसूल होतात ते फ्रीझ फ्रेममध्ये. कोड पडला त्या क्षणी इंजिन काय करत होतं ते गाडी साठवून ठेवते : ३१०० आरपीएम, स्पीड ४२, लोड (इंजिनवरचा ताण) ९० टक्क्यांच्या वर, इंजिन पूर्ण गरम. म्हणजे लोड आला की ठिणगी कमी पडतेय, कारण सिलिंडरमधला दाब वाढला की ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतं आणि ते व्होल्टेज देणारी इग्निशन कॉइल जुनी असली की तिथेच हात टेकते. शहरात काहीच का होत नव्हतं ते तेव्हा कळलं. आणि गॅरेजवाले लाइट घालवताना हीच माहिती दर वेळी पुसून टाकत होते!

साताऱ्यात बाबांच्या ओळखीच्या मिस्त्रींनी ३ नंबरची कॉइल काढून १ नंबरला लावली, १ ची ३ ला. एक रुपया खर्च नाही. मग दोघं यवतेश्वरचा घाट चढून आलो, कोड आला पी ०३०१. दोष कॉइलबरोबर सरकला म्हणजे कॉइलच खराब. नवी १९०० ची बसवली, तिन्ही प्लगही बदलले. ऑक्सिजन सेन्सर बिचारा बरोबर सांगत होता, सिलिंडर पेटला नाही की न वापरलेला ऑक्सिजन तसाच बाहेर येतो, तोच तो दाखवत होता. चार महिने झाले, आठ फेऱ्या झाल्या, लाइट नाही.

कमी पडतं ते पण सांगतो. एबीएस किंवा एअरबॅगची लाइट हा वाचत नाही. माझा वाला आयफोनला चालत नाही, त्यासाठी वायफायवाला किंवा आयफोनला चालणारा बीएलई ब्लूटूथवाला घ्यावा लागतो. काम झालं की काढून ठेवा, त्या सॉकेटला कायम करंट असतो, गाडी बरेच दिवस उभी राहिली तर बॅटरी उतरू शकते. आणि क्लिअरचं बटण दाबायच्या आधी कोड आणि फ्रीझ फ्रेम दोन्हीचे स्क्रीनशॉट काढा. दुरुस्ती खरंच झाली असेल तर काही फेऱ्यांनंतर लाइट आपोआपही जाते.

माझ्याकडून ५ पैकी ४. मिस्त्रींनीही आता एक मागवलाय.