ईजीएफआर तपासणी: गाठीचा तुकडा की रक्त?

ईजीएफआर हे सातव्या गुणसूत्रावरचं जनुक. त्यापासून बनणारं टायरोसिन कायनेज नावाचं प्रथिन पेशीला ‘वाढ’ असा निरोप देतं. फुफ्फुसाच्या कर्करोगात या जनुकाच्या एक्झॉन (जनुकाचा एक भाग) १९ किंवा २१ मधला नेमका बदल सापडला, तर गोळ्यांवर उपचार शक्य होतो.

जमत असेल तर तुकडाच द्यावा. बायोप्सी, म्हणजे काढलेला तुकडा, लगेच १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मालिनमध्ये (तुकडा टिकवणारं द्रावण), ६ ते ७२ तास. तुकडा हाडातला असेल तर आधीच सांगा: कडक आम्लाने कॅल्शियम काढलं की डीएनए वाया जातो, ईडीटीए या सौम्य रसायनाने काढलं तर टिकतो. नाशिकहून मुंबईला ब्लॉक (मेणात बसवलेला तुकडा) पाठवताना मे महिन्यात तो बंद गाडीत ठेवू नका, मेण मऊ पडतं.

तुकडा अपुरा असेल किंवा रुग्णाला सुई सोसणार नसेल, तर रक्त. पण जांभळ्या टोपणाच्या साध्या नळीत घेतलं तर काही तासांत प्लाझ्मा (रक्तातला द्रव भाग) वेगळा करावाच लागतो. नाहीतर पांढऱ्या पेशी फुटतात आणि त्यांच्या डीएनएत गाठीतून रक्तात उतरलेला डीएनएचा अंश बुडून जातो. कसाऱ्यापलीकडच्या प्रवासाला पेशी टिकवणारी खास नळीच हवी: १० मिलीच्या दोन, भरल्याबरोबर ८-१० वेळा हलकेच उलटसुलट. फ्रीजरमध्ये मुळीच नाही.

रक्तात बदल सापडला तर तो धरावा. सापडला नाही, तर मात्र तुकडा तपासल्याशिवाय ‘निगेटिव्ह’ म्हणू नये.