जुन्या बाजारातली बिडाची कढई

पुण्याच्या मंगळवार पेठेत रविवारी आणि बुधवारी भरणाऱ्या जुन्या बाजारातून मी झाकणासह एक बिडाची कढई साडेतीनशे रुपयांना घेतली. ती गंजलेली होती. मात्र नाण्याने वाजवल्यावर आवाज खणखणीत आला, म्हणजे तडा नव्हता. काथ्याने आणि जाड्या मिठाने घासून, जवसाच्या तेलाचा अगदी पातळ हात फिरवून, धूर थांबेपर्यंत तापवण्याचा उद्योग मला तीनदा करावा लागला, तेव्हा कुठे तिला काळी झळाळी आली.

तळाशी कोरडी वाळू पसरून, वर जाळी ठेवून मी नानकटाई भाजली. बीड सावकाश तापते, पण एकदा तापले की उष्णता सहजी सोडत नाही, हे ठाऊक असूनही पहिल्या खेपेस गॅस बंद करून ताटली आतच राहू दिली आणि बाराच्या बारा नानकटाया खालून करपल्या. दुसऱ्या खेपेस मंद आचेवर वीस मिनिटांत त्या छान भेगाळल्या. तोंडात टाकताच विरघळणाऱ्या. रंग तेवढा फिकाच राहतो, कारण झाकणाकडून पुरेशी आच येत नाही. कढई एका हाताने उचलत नाही, आणि ओली राहिली तर रात्रीत गंज धरते.