फायबरच्या नावाखाली खडूची भुकटी

रत्नागिरीच्या खाऱ्या हवेत आमच्या १९८४ सालच्या प्रीमियर पद्मिनीचा पत्रा मडगार्डांपासून डिकीपर्यंत गंजून गेला होता. म्हणून मासेमारी नौकांना फायबरचे काम करणाऱ्या एका कारागिराकडे बॉनेट, डिकीचे झाकण आणि पुढची मडगार्डे करायला दिली. पत्र्याच्या निम्म्या वजनाची हमी देऊन त्याने बहुतेक रक्कम आधीच घेतली.

ही हमी मुळात खोटी नव्हती. पोलादाची घनता सुमारे ७.८ आणि फायबरची, म्हणजे काचतंतूंची मॅट (चटई) व पॉलिएस्टर रेझीन (वाळून कडक होणारा चिकट द्रव) यांच्या थरांची, सुमारे १.५ असते, त्यामुळे फायबरचा भाग पत्र्याच्या अडीचपट जाड केला तरी त्याचे वजन निम्म्याच्या आसपासच राहते. मात्र मॅट आणि रेझीन महाग, खडूची भुकटी स्वस्त. ती रेझीनमध्ये भरपूर कालवली की जाडी मिळते आणि मॅटचे थर वाचतात. अशा भागाचे वजन वाढते आणि ताकद जाते, कारण ताण पेलतात ते काचेचे तंतू.

आम्हाला मिळालेले बॉनेट प्रायमर मारलेले, अगदी गुळगुळीत होते, पण काट्यावर ते जुन्या पत्र्याच्या बॉनेटएवढेच भरले. लवकरच बिजागरीच्या बोल्टांभोवती तडे गेले, कारण तिथे आत लोखंडी पट्टीच घातलेली नव्हती. निखळलेला एक तुकडा उघड्यावर जाळून पाहिला (त्याचा धूर विषारी असतो, तेव्हा दूर उभे राहावे). रेझीन जळून गेल्यावर मागे काचेची सलग मॅट राहायला हवी होती. इथे पांढरी पूड आणि थोडे विरळ तंतू उरले. त्या पुडीवर व्हिनेगर टाकताच ती फसफसली, म्हणजे ती खडूचीच होती. कारागिराने आधी पावसाळी दमटपणाला दोष दिला, मग सगळे असेच करतात असे सांगितले, आणि पैसे परत करण्यास साफ नकार दिला.

काम देणाऱ्यांनी प्रत्येक भागाचे वजन आणि मॅटच्या थरांची संख्या कोटेशनमध्ये लिहून घ्यावी, रंगीत जेलकोट (रेझीनचा बाहेरचा गुळगुळीत थर) न लावलेला नमुना उन्हात धरून त्यातले तंतू स्वतः पाहावेत, प्रायमरपूर्वी आतली बाजू तपासावी आणि मोठी रक्कम वजन झाल्यावरच द्यावी. पावती जपून ठेवावी, कारण जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. आम्ही ती केली आहे. आमच्या गाडीवरून काढलेले साचे मात्र अजून त्याच कारागिराकडे आहेत आणि त्याच साच्यांवर तो इतर पद्मिनीवाल्यांकडून कामे घेत आहे.