अंगठा उठेपर्यंत : आमच्या गावातील ग्राहक सेवा केंद्राचे परीक्षण

मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेचे दरमहा 1500 रुपये सरकारकडून महिलेच्या खात्यात कसे जमा होतात, यावर बरेच लिहिले गेले आहे. खात्यातून ते तिच्या हातात कसे येतात, यावर मात्र फारसे कोणी लिहीत नाही. बीड जिल्ह्यातील आमच्या गावात हे काम एका बँकेच्या ग्राहक सेवा केंद्रातून, म्हणजे बँकेने नेमलेल्या प्रतिनिधीच्या गाळ्यातून चालते. बचत गटाची सचिव म्हणून ऑगस्ट 2024 पासून मी जवळजवळ दर महिन्याला कुणा ना कुणाबरोबर तिथे गेले आहे आणि त्याच अनुभवावर हे परीक्षण आधारलेले आहे.

पिठाच्या गिरणीला लागून असलेला लहानसा गाळा, एक संगणक, अंगठ्याचे यंत्र आणि पावती छापण्याचे यंत्र, एवढाच या केंद्राचा पसारा आहे. परंतु ते सुरू होण्यापूर्वी बँकेची शाखा तालुक्याच्या गावी होती, आणि तिथे जायचे म्हणजे काळी-पिवळी जीपचे जाण्या-येण्याचे 80 रुपये व खुरपणीचा एक दिवसाचा 300 रुपये रोज बुडत असे. शाखेतील रांग संपण्याआधी जेवणाची सुट्टी झाली, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच खर्च. म्हणजे 1500 रुपये आणण्यासाठी 380 रुपये घालवावे लागत होते. आता खुरपणीवरून परतताना बाई दहा मिनिटांत पैसे काढून घरी जाते, आणि केवळ या एका कारणासाठी मी या केंद्राला चांगले म्हणते.

येथील व्यवहार आधार क्रमांक आणि बोटाचा ठसा यांवर चालतो, त्यामुळे पासबुक किंवा कार्ड लागत नाही आणि बँक कोणतीही असली तरी चालते. आमच्या भागातील निम्मी घरे दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात आणि पट्टा पडल्यावरच, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपल्यावरच परततात. त्या महिलांना कोल्हापूर-सांगलीकडे कारखान्याजवळच्या अशाच एखाद्या केंद्रात अंगठा लावून आपल्या गावच्या खात्यातील पैसे काढता येतात. पूर्वी हे शक्य नव्हते. अडचण अशी की ज्या हातांना या पैशांची सर्वाधिक गरज असते, त्याच हातांचे ठसे कोयत्याने आणि कपाशीच्या बोंडांनी झिजलेले असतात. गटातील एका मावशींचा अंगठा सलग तीन दिवस उठला नाही, म्हणजे यंत्राने ठसा ओळखलाच नाही. केंद्रचालकाने त्यांना हात कोमट पाण्याने धुवायला लावून उरलेली बोटे एकेक करून तपासली आणि अखेर डाव्या हाताच्या मधल्या बोटावर व्यवहार झाला. त्याने दाखवलेला तो धीर मी विसरलेले नाही.

पैसे कोणत्या बँकेत पडले, हे शोधून देणे हेही या केंद्राचे मोठे काम आहे. अर्जात ज्या खात्याचा क्रमांक लिहिला, त्याच खात्यात रक्कम येईल, असा बहुतेकींचा समज होता. प्रत्यक्षात थेट लाभाची रक्कम आधारशी शेवटी जोडल्या गेलेल्या बँकेत जाते. एखादीने पाच वर्षांपूर्वी मुलाच्या शिष्यवृत्तीसाठी किंवा गॅसच्या अनुदानासाठी दुसरीकडे खाते उघडून ते आधारशी जोडले असेल, तर पैसे तिथे पडतात आणि इकडे ती रिकामे पासबुक घेऊन अंगणवाडी सेविकेला दोष देत राहते. आमच्याकडे अशा चौघी निघाल्या. एकीचे खाते किमान शिल्लक ठेवावी लागणाऱ्या प्रकारचे होते, त्यामुळे जुन्या दंडापोटी पहिल्या 3000 रुपयांतून मोठी रक्कम कापली गेली होती. तिला शून्य शिल्लक चालणारे मूलभूत बचत खाते उघडून देण्याचे काम याच केंद्राने केले.

आता तक्रारीकडे वळते. हे केंद्र प्रत्येक वेळी 20 रुपये घेते. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार बँकेच्या प्रतिनिधीने ग्राहकाकडून स्वतः कोणतेही शुल्क घ्यायचे नसते, त्याचे कमिशन त्याला बँक देते. 20 रुपये तालुक्याच्या फेरीपेक्षा कितीतरी कमी आहेत, हे खरे, आणि त्यामुळेच कोणी बोलत नाही. परंतु वर्षाला 240 रुपये म्हणजे दोन मुलांच्या वह्या होतात. याहून गंभीर गोष्ट पावतीची आहे. मागितल्याशिवाय पावती मिळत नाही, आणि ज्यांना वाचता येत नाही त्या मागतच नाहीत. एकदा ‘सर्व्हर डाऊन आहे, उद्या या’ असे सांगून एका वृद्ध महिलेला परत पाठवण्यात आले, आणि दुसऱ्या दिवशी तिच्या खात्यातून 1500 रुपये वजा झालेले दिसले. त्या वेळी झालेला व्यवहार खरोखर अडकला होता की काय, हे मला ठरवता आले नाही. शाखेत लेखी तक्रार दिल्यावर रक्कम खात्यात परत आली. असा अडकलेला व्यवहार पाच दिवसांत परत फिरवायचा असतो आणि त्यानंतरच्या प्रत्येक दिवसासाठी 100 रुपये भरपाई द्यायची असते, हा नियमही आम्हाला तेव्हाच कळला. हातात पावती असती, तर शाखेतील दोन फेऱ्या वाचल्या असत्या.

2025 च्या सप्टेंबरमध्ये या योजनेसाठी ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळख पडताळणी, सक्तीची झाली तेव्हा या केंद्राची खरी परीक्षा लागली. अतिवृष्टीने कापूस गेलेला, ऊसतोडीच्या टोळ्या निघण्याच्या तयारीत, आणि महिलेबरोबर तिच्या पतीचे किंवा वडिलांचे आधार प्रमाणीकरणही हवे. आधारला जोडलेला मोबाईल क्रमांक बहुधा पुण्यात काम करणाऱ्या मुलाचा असल्याने ओटीपी तिकडे येई आणि तो कामावर असल्यामुळे फोन उचलत नसे. ज्यांचे पती आणि वडील दोघेही हयात नाहीत, त्यांच्यासाठी सुरुवातीला वाटच नव्हती. मृत्यूचा दाखला अंगणवाडी सेविकेकडे देण्याची सोय नंतर झाली. मुदत 31 डिसेंबरपर्यंत वाढली म्हणून निभावले. केंद्र त्या काळात रात्री नऊपर्यंत उघडे असे. मात्र संकेतस्थळावर स्वतः विनामूल्य करता येणाऱ्या या कामासाठी 50 रुपये घेतले जात, हेही नोंदवले पाहिजे.

या पैशांनी घरात काय बदलले, असे मला अनेक जण विचारतात. ऊसतोडीसाठी मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल या रकमेने फिटत नाही, कारण ती थोड्याथोडक्या हजारांची नसते. बदल दिसतो तो आषाढात, जेव्हा रोजगार नसतो आणि उचल अजून हाती आलेली नसते. आमच्या गटाच्या वहीत त्या दिवसांत किराणा आणि औषधांसाठी 500 ते 1000 रुपयांच्या अंतर्गत कर्जाच्या नोंदी एकीखाली एक असत. 2025 मध्ये त्या तुरळक होत्या. दोघींनी मिळून एक शेळी घेतली. एका सुनेने सासूला न विचारता स्वतःची सोनोग्राफी करून घेतली, आणि माझ्या मते या योजनेचे सर्वांत मोठे यश तेच आहे. पण हप्त्याला ठरलेली तारीख नाही. जुलै-ऑगस्ट 2024 चे पैसे राखीपौर्णिमेच्या सुमारास एकत्र आले, ऑक्टोबर-नोव्हेंबरचे दिवाळीआधी. तारीख माहीत नसल्यामुळे ‘पैसे पडले का’ एवढे विचारण्यासाठी महिला चार-चार वेळा केंद्रात येतात, आणि किराणा दुकानदारही उधारीचा वायदा मान्य करत नाही. वर्षाच्या 18,000 रुपयांचा पुरेपूर उपयोग व्हायचा, तर ते ठरल्या दिवशी यायला हवेत.

या केंद्रात जाणाऱ्या महिलांना मी सकाळी अकराच्या आत जाण्यास सांगते, कारण दुपारनंतर यंत्रणा संथ होते. आधी शिल्लक तपासून मगच रक्कम सांगावी, आणि पावती हातात येईपर्यंत खुर्चीवरून उठू नये. आमच्या गटाने आता पावत्या चिकटवण्यासाठी वेगळी वही केली आहे. केंद्राला मी पाचपैकी तीन गुण देते. शुल्क घेणे बंद होऊन प्रत्येकीला न मागता पावती मिळू लागली, की चौथा गुण देईन.